स्टँडवरून मराठीत

टिलबर्ग,
६ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

तुला आणि कीर्तीवहिनीला नमस्कार. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू पेशंटला विचारावेत तसे प्रश्न विचारतोस आणि मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. शिवाय संहिताला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे या घरात टेबलावर उघडं ठेवलं तरी चालेल असं हे एकच लिखाण.

इकडे सगळं ठीक. दिलीपची रोजची आर्नहेमची ट्रेन चालू आहे. तुला अजूनही भाचीच्या शर्यती म्हणजे पोरखेळ वाटतो, म्हणून आधी आमच्या टीमची बढाई मारून घेते.

योसचं टायरचं दुकान आणि मागची शेड तुला आठवत असेल. तू आला होतास तेव्हा तिथे एकच गाडी होती, ताडपत्रीखाली. संहिता कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी तिथे गेली, एकदा गाडीचं स्टिअरिंग हातात घेतलं आणि मग उठलीच नाही. आता त्या शेडमध्ये दोन गाड्या आहेत, स्वतःचा ट्रक आहे, पगारी मेकॅनिक आहेत. वाखनिंगनची एक बियाण्यांची कंपनी आम्हाला मदत करते, त्यामुळे बॉनेटवर भला मोठा टोमॅटो काढलाय. बाकीच्या गाड्यांवर वाघ आणि विजा, आमच्यावर टोमॅटो. पोरं हसतात, पण लांबून आमचीच गाडी आधी ओळखू येते.

ही स्टॉक कारची शर्यत मला अजून पुरती कळलेली नाही, म्हणून ती मला आवडते. अंडाकृती ट्रॅक आणि सगळी वळणं डावीकडेच. मी पहिल्याच दिवशी योसला विचारलं की उजवीकडची चाकं डावीपेक्षा किंचित मोठी का घालता. तो म्हणाला, इतकी वर्षं हे कुणी विचारलं नव्हतं. मिरजेत फिजिक्स शिकवलेल्या बाईला एवढं विचारायला नको का? पेला आडवा करून ढकल, आपोआप वळत जातो, तसंच ते आहे.

मी मात्र तिथे वडे घेऊन गेले होते, काम मागायला नव्हे. ड्रायव्हरला पट्ट्यांनी इतकं आवळलेलं असतं की मान वळत नाही. शेजारी कोण आलंय ते त्याला स्टँडवर उंच उभ्या असलेल्या माणसाने रेडिओवरून सांगायचं. त्याला स्पॉटर म्हणतात. दुसऱ्या टीमवाले आपला रेडिओ चोरून ऐकतात. मी आणि संहिता शेडमध्ये कशावरून तरी भांडत होतो, मी मराठीत आणि ती नेहमीसारखी डचमध्ये. ते ऐकून योसच्या डोक्यात आलं की हिची आईच स्टँडवर उभी करावी. पहिल्या शर्यतीत मी सवयीने "हळू जा गं" म्हणाले आणि तिने सवयीने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. आम्ही शेवटून दुसरे आलो. तेव्हापासून तो शब्द मला बंद आहे. आता मी फक्त "आत एक", "बाहेर एक", "मोकळं" असं बोलते, आणि त्यावर आमचं बरं चाललंय.

एक विचारायचं होतं, नुसतं कुतूहल म्हणून. शेवटच्या वळणातून गाड्या स्टँडच्या डाव्या हाताने येतात. पूर्वी त्या येताना दिसायच्या. हल्ली एकदम समोर असतात, कुणी तिथे आणून ठेवल्यासारख्या. आमच्या गाड्या आता जास्त वेगाने पळतात, हे खरं आहे. वेगामुळे डोळ्याचं असं होतं का? सवडीने कळव, घाई नाही.

वहिनीला गुडघ्याचा व्यायाम सोडू नको म्हणावं.

तुझी,
मेधा


टिलबर्ग,
११ मे

प्रिय दादा,

पत्र मिळाल्यावर तू एवढंच कळवलंस, "डोळे तपासून घे, लगेच." वेगाबद्दल एक अक्षर नाही. राग आला. मग तुझे चार फोन मी उचलले नाहीत. टीमच्या कामात होते हे खोटं नाही, पण उचलता आले असते.

आमचं काम वाढलंय खरं. दुसऱ्या गाडीसाठी योसने बेल्जियमचा एक सराईत स्पॉटर घेतला, बार्ट नावाचा. मला वाटलं आता मला नारळ मिळणार. उलट योसने मला बसवून सांगितलं, "मेधा, पुढचा सीझन युरोपभर आहे. तू पूर्ण वेळ ये. मराठीतच बोल." इथे मी नवऱ्याच्या व्हिसावर आले. इतक्या वर्षांत मला कुणी समोरून काम दिलं ते हे पहिलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही आणि तो मला विचारत नाही. मी लाजतेय असं तो समजतो.

परवा सरावात काय झालं ते लिहिते. संहिता वळणातून बाहेर पडली, मला तिच्या शेजारी कुणी दिसलं नाही. मी "मोकळं" म्हणणार, तोंडही उघडलं होतं, तेवढ्यात शेजारच्या बार्टने माझा दंड घट्ट धरला. आतल्या बाजूला एक पांढरी गाडी होती. जवळजवळ चिकटून. मी गप्प राहिले म्हणून संहिता तिच्या रेषेत राहिली. बार्ट नंतर म्हणाला, "तुला बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, ऊन फार आहे. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं.

दादा, आई चहा ओतायची तो कपाच्या बाहेर, आणि म्हणायची बल्ब मिणमिणता आहे. तू बल्ब बदललास तरी बाहेरच. काचबिंदू आहे हे कळेपर्यंत एक डोळा गेला होता. ती दिव्याला नावं ठेवायची, मी वेगाला ठेवते. घरी येऊन मी एक डोळा झाकून खिडकीतून पाहिलं. मग दुसरा झाकून. समोरच्या घराचं दार दिसतं, त्याच्या डावीकडची सायकल दिसत नाही. मान वळवली की दिसते. मी कितीतरी वेळ मान वळवून पाहत होते, कारण ते विलक्षणच होतं. काळं वगैरे काही दिसत नाही. तिथे काही नाहीच असं वाटतं.

तू म्हणशील, मग इतके दिवस थांबलीस कशाला? तेच लिहायला बसले होते, आणि टीमचं सांगत बसले.

संहिता लहान होती तेव्हा मराठी बोलायची. शाळेत गेली आणि बंद झाली. मी मराठीत विचारायचं, तिने डचमध्ये उत्तर द्यायचं, असं घर आमचं. पण रेडिओवर तिला मराठीच बोलावं लागतं, नाहीतर बाकीच्यांना कळेल. "आई, मागे कोण आहे?" "आई, टायर घसरतोय." "आई, अजून किती?" माझी मुलगी माझ्याशी माझ्या भाषेत बोलते ती तेवढ्या वेळात, हेल्मेटच्या आतून. योसला कळेल म्हणून मला काही वाटत नाही. हे जाईल म्हणून वाटतं. पोरीच्या जिवापेक्षा मला ते मोठं वाटलं की काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि मला स्वतःची भीती वाटली.

उद्या तिच्याशी बोलणार आहे. दिलीपला आत्ताच सांगितलं. त्याने उठून माझ्यासाठी चहा केला.

मेधा


टिलबर्ग,
१५ जून

प्रिय दादा,

तुझ्याकडे रिपोर्टचे फोटो पोचले आहेत, तेव्हा आजाराचं पुन्हा लिहीत नाही. इथे आधी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जायचं, त्याने चिठ्ठी दिल्यावर डोळ्यांचा डॉक्टर. तपासणी मात्र मला आवडली. पांढऱ्या गोलात तोंड घालून बसायचं, ठिपका उजळला की बटण दाबायचं. मध्ये बराच वेळ एकही ठिपका उजळला नाही. मी तपासणाऱ्या बाईंना म्हटलं, मशीन बंद पडलंय. त्या म्हणाल्या, चालू आहे, बघत राहा.

गेलेलं परत येत नाही हे त्यांनीही तुझ्याच शब्दांत सांगितलं. राहिलेलं राखायचं.

संहिताला मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं. तिने डचमध्ये विचारलं, कधीपासून? मी खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, "तू मोकळं म्हणालीस की मी आरशातसुद्धा बघत नाही, तुला माहीत होतं ना?" आणि जेवण टाकून उठली. बरेच दिवस ती माझ्याआधी नाहीतर नंतर जेवायची. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मला मराठीचं काही सांगता आलं नाही. ते तुलाच सांगितलंय, तुझ्यापाशीच राहू दे.

योसने मला टायरच्या मोजमापाचं काम दिलंय, पूर्ण वेळ. शेडमध्ये बसून करायचं, फिजिक्सचं आहे. मी हो म्हणाले.

मागच्या रविवारी पहिल्यांदा बार्ट संहितासाठी स्टँडवर उभा राहिला. मी खाली प्रेक्षकांत बसले, कानाला काही नाही. केवढा आवाज असतो तो, मला आजवर माहीतच नव्हतं. टोमॅटो दर फेरीला समोरून जायचा आणि ती आत काय बोलतेय, कुणाशी, मला कळत नव्हतं. ती चौथी आली. आमच्या टीमचा आजवरचा सगळ्यात वरचा नंबर. मला आनंद झाला, आणि तेवढंच वाईट वाटलं. दोन्ही खरं आहे.

काल शनिवारच्या बाजाराला आम्ही दोघी सायकलवरून गेलो. मी नको म्हणत होते, तीच म्हणाली चल. ती माझ्या डाव्या बाजूने चालवत होती, चाकाला चाक लावून. पुलापाशी म्हणाली, "आई, थांब, डावीकडून बस येतेय." मी थांबले. बस गेली. पुढे म्हणाली, "आता चल. एक म्हातारे आजोबा आहेत, कुत्रा घेऊन, जरा इकडे घे." बाजार येईपर्यंत ती असंच बोलत होती, सगळं मराठीत. बाजारात तिला फोन आला तो डचमध्ये घेतला, आणि ठेवल्यावर मला म्हणाली, "आई, पायरी आहे."

ती हे ठरवून करते असं मला वाटत नाही. आज सकाळी पुन्हा केलं, स्वयंपाकघरात, उघड्या कपाटाच्या दारावरून.

दादा, तू फोन करशील तेव्हा तिच्याजवळ यातलं अवाक्षर काढू नकोस. शाबासकी दिली की ती लाजते, आणि लाजली की डचमध्ये जाते. मीही काही दाखवत नाही. मला दिसलेली पायरीसुद्धा मी तिच्याकडून ऐकून घेते.

थेंब दोन्ही वेळा घालते, चुकवत नाही. जेवढं उरलंय तेवढं मला हवं आहे.

तुझी,
मेधा