मिरचीवरची सावली

मलकापूर, चैत्र वद्य पंचमी

चि. उकंडरावास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप आहोत. माझा खोकलाही उतरतो आहे.

विटाळशी मंजुळेची सावली पडून मिरचीची पाने मुरडली, म्हणून बायकोला माहेरी धाडतोस म्हणे! पाने इथेही मुरडलीत. आमचा माळी कडूबा म्हणाला, "बाई, मळ्यात तं मी एकलाच राह्यतो. सावली का माह्या मिशीची पडली?"

मी मिरचीचा शेंडा पांढऱ्या फडक्यावर झटकला. तिळाहून बारीक, पिवळे किडे चालू लागले. शेजारचा कांदा वाळला की ते मिरचीवर येतात, कोवळे पान खरवडून रस पितात. अंडी पानाच्या आत घालतात, म्हणून दिसत नाहीत. तंबाखूचा काढा शिंपड, आठवड्याने पुन्हा शिंपड.

मंजुळा जेवते ना रे?

गाडी जुंप, पण तिला मळ्यात न्यायला. फडके तू धर, शेंडा तिच्या हातून झटकू दे.

तुझी,
रुखमाताई