नेलपॉलिशचा थेंब

४ जून
नवं गाव, नवी नोकरी आणि टेबलावर चक्क ऊन! वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे, शेजारच्या टेबलावर मालक. चिमणीची शाळा समोरच्याच गल्लीत, त्यामुळे लेकीची काळजी मिटली.

पहिलं काम गिटारच्या कोरस पेडलचं. ही पायाने दाबायची डबी एका सुराचे दोन करते: मूळ सूर आणि किंचित मागून येणारी त्याची नक्कल. वर तीन बटणं. नक्कल किती वेगाने हेलकावते ते रेट ठरवतं, मुळापासून किती लांब जाते ते डेप्थ. मिक्स पूर्ण डावीकडे नेलं की फक्त मूळ, पूर्ण उजवीकडे नेलं की फक्त नक्कल.

मिक्सच्या बुडाशी लाल नेलपॉलिशचा वाळलेला थेंब होता. मला मेली घाण खपत नाही. खरवडून काढला आणि बटण फिरवून पाहिलं. गोड वाजतं.

५ जून
थेंब बटण जागचं हलू नये म्हणून लावतात, मालक म्हणाले. काढण्याआधी जागेवर पेन्सिलीने खूण केली का, असं विचारलं. केली, मी ठोकून दिलं. दुसऱ्याच दिवशी बोलणी कोण खाणार?

७ जून
मिक्स काल मधोमध ठेवलं होतं. आज उजवीकडे सरकलंय. चिमणीला डबा धुवायला सांगितलं, तर वैतागली. दोनदा कशाला सांगतेस, म्हणाली. मी एकदाच सांगितलं होतं.

८ जून
बॅटरी काढली. तरी सरकलं. मी गप्प बसले होते, आणि मालक पाठमोरेच म्हणाले, हो, देतो पक्कड. मला भीती वाटतेय.

९ जून
पेडलचा मालक आला. थेंब नाही हे पाहून पांढराफटक पडला. ते बटण एकाच जागी थांबतं, म्हणाला. ती जागा त्याच्या बायकोने शोधली, थेंबही तिनेच लावला, पण तोवर तिला उशीर झाला होता. ती आता कुठे आहे, मी विचारलं.
"घरीच आहे. पण ती ती नाही," तो म्हणाला. "तुम्ही खूण केलीय ना?"
पेडल न घेताच गेला.

१० जून
डावीकडे फिरवते, परत येतं. नवा थेंब लावला, तडकला. ती जागा आठवत नाही.
शाळा सुटली, चिमणी आली नाही. शाळेत धावले. बाई म्हणाल्या, तुम्हीच तर आत्ता घेऊन गेलात.
घरी स्वयंपाकघरात माझाच आवाज. चिमणी खुदुखुदु हसत होती. दार ढकललं — एकटीच होती.

११ जून
मालकांना खरं सांगायला गेले. खूण नव्हती केली. तोंड उघडलं, आवाज — त्यांनी मान वर केली नाही.
मिक्स पूर्ण उजवीकडे जायला केसाएवढी फट उरलीय. चिमटीत धरून बसलेय, बोटांतून सरकतंय —
चिमणी दारात. कुणाचा तरी हात धरून. माझी ओढणी, माझ्या चपला —
माझ्या खुर्चीकडे बघून तिला विचारतेय, "आई, इथे कुणीच बसत नाही?"
चिमणे, मी इथे आहे, ती नाही, मी —