चाकाखालचा चेहरा

२ मार्च १८७०
पोचलो एकदाचा न्यूयॉर्कला! स्टेशनवर वेन्डेल रोक माझ्या आधीच येऊन उभा होता. आमच्या ट्रॉय गावी आम्ही दोघं एकाच बाकावर बसून लोखंडी शेगड्यांच्या जाहिराती चितारायचो. आता तो प्रुइनसाहेबांच्या, दगडावर चित्रं काढून छापणाऱ्या शिळाछापखान्याचा फोरमन आहे, आणि इथली नोकरी मला त्यानंच मिळवून दिली. वाटेत म्हणाला, "ॲन्सेल, शेगड्या काढून काढून तुझा हात गोठलाय. आता जरा माणसं काढ."
खोली छापखान्याच्या वरच आहे. जिन्यात शाईचा आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचा वास. मला तो आवडतो.

५ मार्च
कामाला लागलो. हार्कनेस व्हेल आणि एझेकिएल स्ट्रूड हे रेल्वेचे दोन बडे मालक. सरोवरांकडे जाणाऱ्या एका लोहमार्गासाठी दोघं एकमेकांच्या उरावर बसलेत, आणि त्यांची टर उडवणारी आमची चित्रं घ्यायला दुकानापुढे झुंबड उडते. मी व्हेलचा फुगलेला बेडूक केला, डोक्यावर टोपीऐवजी इंजिनाचं धुराडं. स्ट्रूड झाला लाल गळ्याची टर्की कोंबडी. दोघं रूळ दोरीसारखे ओढताहेत. प्रुइनसाहेब पोट धरून हसले.
चित्रात इंजिनाच्या चाकाखाली एक बुटका माणूस असतो, तो म्हणजे गरीब भागधारक. त्याचा चेहरा मात्र वेन्डेल स्वतः काढतो. दगडावर तेवढी जागा त्याच्यासाठी कोरी सोडायची.

१७ मार्च
जुन्या चित्रांचा गठ्ठा चाळत होतो. गेल्या शरदातल्या एका चित्रात चाकाखालच्या माणसाला चष्मा होता आणि एक कान चुरगळलेला. इतका खरा चेहरा, की रंग भरणाऱ्या हेप्झिबा लंटबाईंना विचारलं, हा कोण? त्या म्हणाल्या, बर्नी. तुमच्या आधी तुमच्याच खुर्चीवर बसायचा. गाडीखाली गेला. मी विचारलं, चित्र त्यानंतरचं का?
"आधीचं," त्या म्हणाल्या, आणि लाल रंगाची वाटी उचलून आत गेल्या.
वेन्डेलला विचारलं तर तो हसला. समोर दिसेल तो चेहरा काढतो, म्हणाला. बर्नी दारुडा होता. पटलं मला. ट्रॉयला मी तापात पडलो होतो, तेव्हा सहा आठवडे यानंच मला चमच्यानं भरवलं. याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

२ एप्रिल
आज भलतंच पाहिलं. दुपारी कच्ची छाप दाखवायला प्रुइनसाहेबांकडे कालवांच्या खाणावळीत गेलो आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. व्हेल आणि स्ट्रूड एकाच ताटातून कालवं खात होते. स्ट्रूड माझ्या टर्कीसारखा चालून दाखवत होता, व्हेल हसून डोळे पुसत होता, आणि प्रुइनसाहेब त्यांचे पेले भरत होते. मी दार हळूच लावून घेतलं.
म्हणजे भांडण खोटं आहे. लोक आमची चित्रं पाहून घाबरतात, शेअर विकून टाकतात, आणि हेच दोघं ते स्वस्तात उचलतात. माझ्या हातानं!
वेन्डेलला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, आणखी कोणाला बोललास? म्हटलं, फक्त तुला. "बरं केलंस," म्हणाला. मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. चित्राला बसवलेल्या माणसाकडे आम्ही बघतो तसा.

९ एप्रिल
नवीन चित्र. एकाच रुळावर समोरासमोर दोन इंजिनं, त्यांवर दोन मालक. मधे एकटा डबा, खिडकीत बुटका माणूस. चेहऱ्याची जागा सोडली. वेन्डेलनं दगड आत नेला आणि कडी लावली.

११ एप्रिल
हेप्झिबाबाईंनी छापलेला कागद पुढे केला. खिडकीत मी आहे. भुवईवरचा व्रण, वाकडा दात, सगळं. मालाची पहिली खेप सकाळीच बाहेर गेली होती.
"जा इथून," त्या म्हणाल्या. "आजच."
मी वेन्डेलला जाब विचारला. तो नाकारेल असं वाटलं होतं. पण नाही.
"मी फक्त चेहरा काढतो, ॲन्सेल. पुढचं मी बघत नाही."
मग रडला. म्हणाला, मी तुला वाचवतो, उद्या सकाळच्या गाडीनं ट्रॉयला जा, तिकीट मी आणतो. मला मिठी मारली. मी तिकीट घ्यायला हो म्हटलं. का म्हटलं —

१२ एप्रिल, गाडीत
पेन्सिलीनं लिहितोय. शेवटचा डबा. वेन्डेलनं स्वतः बसवून दिलं, पिशवी वर ठेवली. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

नदीकाठी गाडी थांबली. या डब्याच्या चाकांचा आस तापलाय म्हणून गार्डानं सगळ्यांना पुढच्या डब्यांत नेलं. मी उठलो तर म्हणाला, तुमचं तिकीट याच डब्याचं आहे. वाटलं, थट्टा करतोय. बाहेरून कुलूप —

डबा सोडून गाडी गेली. खिडक्यांना नवे खिळे आहेत. काच फोडली, बाहेर गज. मी ओरडलो. काठावर कोणी नाही.

उत्तरेकडून शिट्टी. देवा, दक्षिणेकडूनही —
उद्या लोक म्हणतील, दोघांच्या भांडणात बिचारा एक —

रूळ थरथरताहेत. वही बाहेर फेकतो. ज्याला सापडेल त्यानं आधी हेप्झिबा लंटबाईंना गाठावं. पळा म्हणावं. चित्र मला कोणी दाखवलं असं वेन्डेलनं काल विचारलं, आणि मी मूर्खानं त्याला त्यांचं नाव