अकराव्या फेरीतली निवड

मी, ऑगस्टीन जोसेफ वालीगुरा, ज्याला सगळे गस म्हणतात, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचा धंदा पोलाद कारखान्यात लाकडी साचे बनवण्याचा, राहणार लॅकवाना, न्यूयॉर्क राज्य, हे माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी या उन्हाळ्यापलीकडची हमी दिलेली नाही, पण डोक्याबद्दल त्यांचीही तक्रार नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही; ते माझी बायको इरीन हिच्याखेरीज कोणाला कधी जमलेही नाही. इरीन हयात असताना केलेले मृत्युपत्र, ज्यात सगळे तिलाच ठेवले होते, ते आता रद्द समजावे.

साक्षीदारांचे आधीच सांगतो, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकीलबाई म्हणाल्या. पहिला साक्षीदार शेजारचा अब्दो मुथाना. त्याला मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तीस वर्षं तुझ्या दारातला बर्फ मी काढला आणि मला शिडीसुद्धा नाही?" नाही, अब्दो, शिडीसुद्धा नाही. दुसरी जागा मी चेस्टर डुडेकसाठी, म्हणजे आमच्या चेटसाठी, मोकळी ठेवली आहे. चेट चार गल्ल्यांपलीकडे राहतो आणि चोवीस वर्षे माझ्याशी बोललेला नाही. आमची जुनी मैत्रीण बर्निस हिच्या हाती त्याला निरोप पाठवला आहे की शुक्रवारी दुपारी दोन वाजता यावे, हे सगळे वाचावे आणि मग सही करावी. तो आला नाही तर पलीकडच्या मिसेस कोवाल सही करतील. मृत्युपत्र तसेही पक्के होईल. पण मी हे ज्याच्यासाठी लिहिले त्याने ते वाचलेले नसेल.

कलम पहिले. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी बर्निस झाक हिला नेमतो. तिने चाळीस वर्षे टपाल कचेरीत पत्रे लावली आणि एकही चुकीच्या दारात टाकली नाही, असे ती स्वतःच सांगते. तिच्या शब्दावर कोणी वाद घालू नये. घालून पाहिलेले आहे.

कलम दुसरे. राहते घर माझी मुलगी पॉला हिला. पॉला, विकायचे तर खुशाल वीक, मला वाईट वाटणार नाही. फक्त घेणाऱ्याला तळघराच्या उत्तरेकडच्या भिंतीला मार्चमध्ये ओल येते हे तोंडाने सांग. मी ती रंगवून ठेवली आहे, त्यामुळे दिसत नाही. म्हणून सांगायला हवे.

कलम तिसरे. बँकेत जे असेल ते पॉला आणि तिच्या दोन मुलींना सारखे. त्यातून आधी माझे दफन उरकावे. पेटी साधी, फुले नकोत. जेवण आमच्या चर्चच्या हॉलमध्ये ठेवावे, कोबीच्या पानांतला खिमा-भात पुरेसा असावा. इरीनच्या वेळी कमी पडला होता आणि तिच्या बहिणीने ते अजून ऐकवणे सोडलेले नाही.

कलम चौथे. माझी हत्यारे, म्हणजे रंधे, पटाश्यांचा संच, कॅलिपर आणि आकुंचनाची पट्टी, ही तंत्रशाळेच्या कार्यशाळेला द्यावीत. त्या पट्टीबद्दल दोन शब्द, नाहीतर कोणी सदोष म्हणून फेकून देईल. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा थोडा लांब आहे. ओतलेले लोखंड थंड होताना आकसते, तेवढे आधीच धरून साचा मोठा करायचा असतो, त्यासाठी ती पट्टी. कारखाना बंद पडला तेव्हा फोरमनने ती परत मागितली. मी हरवली म्हणालो. ती चोरी आहे आणि मी ती कबूल करतो.

कलम पाचवे. तळघरातल्या फळीवरचे कॉफीचे डबे. कोर्टात ज्या कोणाला आमच्या अमेरिकी फुटबॉलमध्ये गम्य नसेल त्याच्यासाठी सांगतो. दर एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू आळीपाळीने निवडून घेतात. आदल्या हंगामात जो जास्त हरला त्याची पाळी आधी; सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक फेरी. आमच्या संघाची पाळी बहुधा लवकर यायची. १९७४ पासून आम्ही पाच जण, मी, चेट, बर्निस आणि आता मातीत गेलेले दोघे, माझ्या तळघरात बसून आमच्या संघाच्या प्रत्येक निवडीला शेरा देत आलो. पेपरवाले दुसऱ्याच दिवशी सकाळी गुण छापून मोकळे होतात. लोखंड ओतल्या ओतल्या मोजण्यासारखेच ते. आमचा नियम असा की प्रत्येकाने प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड लिहायचे. त्यावर ए पासून एफ पर्यंत एक अक्षर, एकच वाक्य आणि सही. एफ म्हणजे सपशेल नापास. दुसऱ्याच्या कार्डात डोकवायचे नाही. कार्डे डब्यात, डब्याला चिकटपट्टी, पट्टीवर साल. पाच वर्षांनी तो डबा उघडायचा आणि बर्निसने मोठ्याने वाचायचे. ज्याचे सगळ्यांत जास्त चुकले त्याने पुढच्या एप्रिलला पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, करून आणायच्या.

चेटने लागोपाठ तीन वर्षे आणल्या. "चेट, तुझं पीठ तुझ्या अंदाजांसारखंच कच्चं राहतं," असे बर्निस म्हणायची. तो म्हणायचा, "मग खातेस कशाला? तोंड चालवायला काहीतरी लागतंच ना तुला." ते दिवस चांगले होते. तोंडाने काहीही बोला, आईबाप काढा, पण कार्डावर खोटे लिहायचे नाही, एवढे एकच आम्ही पाळत होतो. देवळात एवढे पाळत नसू.

हे सगळे डबे बर्निसला. २०१५ पासूनचे पाच डबे अजून बंद आहेत. ते ज्याच्या त्याच्या एप्रिललाच उघडावेत. मी मेलो म्हणून माझी चुकलेली कार्डे हळू आवाजात वाचू नयेत.

कलम सहावे. यात द्यायचे काही नाही, सांगायचे आहे. चेट, तू इथवर वाचत आला असशील तर बस आणि हेही वाच.

१९९० साली आमच्या संघाने अकराव्या फेरीत चेटच्या मुलाला, ग्रेग डुडेकला, निवडले. आता सातच फेऱ्या असतात. तेव्हा बारा होत्या, आणि अकराव्या फेरीपर्यंत टीव्हीवाले घरी गेलेले असायचे. बातमी चेटच्या घरी फोनवर आली. तो चार गल्ल्या धावत माझ्या तळघरात उतरला तेव्हा त्याच्या एकाच पायात बूट होता. "गस, आपला ग्रेग," तो म्हणाला. "आपल्याच संघात." मग माझ्या खांद्यावर डोके ठेवून तो रडला. कारखाना बंद झाला त्या दिवशीही तो रडला नव्हता. या गावातून आमच्या संघात गेलेला पोरगा आम्ही कोणी पाहिला नव्हता.

मग कार्डे वाटली. नियम म्हणजे नियम. मी लिहिले, एफ. वाक्य लिहिले, "गुडघा, ऑगस्टही निघणार नाही." सही केली, कार्ड डब्यात टाकले आणि चेटच्या पिरोगी खाल्ल्या.

ऑगस्टमध्ये सरावाच्या नवव्या दिवशी ग्रेगचा डावा गुडघा गेला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. तो पाय आजही पुरता वाकत नाही. ग्रेग शाळेची बस चालवतो, आणि पोरांना त्याची भीती वाटत नाही, असा तो माणूस आहे.

१९९५ च्या एप्रिलमध्ये डबा उघडला. बर्निसने चार कार्डे वाचली, ए, ए, बी, ए. मग माझे वाचले. चेटने ते तिच्या हातातून घेऊन स्वतः वाचले. माझ्याकडे पाहिले. "तू इथेच बसून माझ्या पिरोगी खाल्ल्यास, गस," एवढेच म्हणाला आणि जिना चढून गेला. त्यानंतर आजपर्यंत त्याचा आवाज मी फक्त प्रार्थनेच्या वेळी पाठीमागच्या बाकावरून ऐकला आहे.

सगळ्यांना वाटले की मित्राच्या मुलाला नापास केले म्हणून तो रागावला. मलाही काही दिवस तसे वाटू देणे सोयीचे होते. खरे असे आहे. मी तेव्हा शाळेच्या संघात आडव्या अंगाच्या पोरांना समोरच्याला अडवायला शिकवत होतो, आणि ग्रेग कॉलेजात गेल्यावरही माझ्याकडे यायचा. निवडीच्या आधी फेब्रुवारीत तो आला. "गसकाका, गुडघा अडकतोय. रात्री हाताने सरळ करावा लागतो. कोणाला सांगू नका." मी म्हणालो, "नाही सांगत." मार्चमध्ये संघाचा पारखी शाळेत आला. फिका कोट घातलेला, सभ्य माणूस. त्याने मला विचारले, "पोराला काही जुनं दुखणं?" मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "घोडा आहे घोडा." त्याने वहीत काहीतरी लिहिले आणि माझा हात हातात घेतला.

मी खरे बोललो असतो तर ग्रेगची निवड झाली नसती. तो वर्षभर कुढला असता, मग डॉक्टरकडे गेला असता आणि दोन्ही पायांनी चालला असता. मला त्याला आमच्या संघात बघायचे होते. चेटसाठी बघायचे होते, असे मी स्वतःला सांगत आलो. पण माझ्यासाठीही. मी शिकवलेला पोरगा त्या मैदानावर उभा राहावा, ही हौस माझी होती. कार्डावर कधी खोटे लिहिले नाही म्हणून मिरवणारा माणूस, जिथे खरे बोलायचे होते तिथे खोटे बोलला, आणि मग कार्डावर खरे लिहून मोकळा झाला.

याहून वाईट पुढचे. ग्रेग पडल्यावर आणि डबा उघडल्यावर गावात झाले, "गसने एकट्याने ओळखलं होतं. काय नजर आहे." बारमध्ये लोक मला बिअर पाजायचे. मी ती प्यायलो. आधीच ठाऊक होते, ओळखले बिळखले काही नव्हते, हे मी एकालाही सांगितले नाही. इरीनला सांगितले, ती म्हणाली, "जाऊन चेटला सांग." मी गेलो नाही. तिच्या शेवटच्या आठवड्यात तिने पुन्हा विचारले, "गेलास का?" मी हो म्हणालो.

त्या कार्डावरचा एफ माझा आहे. तो ग्रेगच्या नावावरून काढून माझ्या नावावर मांडावा, अशी माझी विनंती आहे. चेट, मला तुझी क्षमा हवी आहे. तिचा हक्क सांगत नाही.

कलम सातवे. हंगामी तिकिटांच्या दोन खुर्च्या, ओळ एकोणीस, क्रमांक एक आणि दोन, ज्या मी लग्नाच्या आदल्या वर्षापासून राखल्या आहेत, त्या ग्रेगरी डुडेक याला. जावई टॉड यांना या खुर्च्यांची आशा आहे हे मी जाणतो. टॉड भला माणूस आहे, पॉलाला सुखात ठेवतो, पण पार्किंगमधली गर्दी चुकवायला चारपैकी तिसऱ्या क्वार्टरनंतरच उठून जातो. अशा माणसाला मी माझी गाडी देतो, म्हणजे तो आणखी लवकर निघू शकेल. क्रमांक एकची खुर्ची वाटेच्या कडेला आहे. तिथे डावा पाय लांब करून बसता येते; मी मोजून पाहिले आहे. ग्रेगला त्या नको असतील तर त्याने त्या विकाव्यात किंवा रिकाम्या ठेवाव्यात. कारण कोणी विचारू नये.

कलम आठवे. वरच्यापैकी काही राहून गेले असेल तर बर्निसला जे योग्य वाटेल ते.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे. ज्या दोघांची नावे खाली आहेत त्यांच्यासमोर सही करीत आहे.

ऑगस्टीन जो. वालीगुरा
लॅकवाना, शुक्रवार, ३ मे २०१९

साक्षीदार पहिला: अब्दो नासेर मुथाना, शेजारी. गसने माझ्यासमोर सही केली. तो पूर्ण शुद्धीत होता आणि मला शिडी देत नव्हता.

साक्षीदार दुसरा, स्वतःच्या अक्षरात: मी चेस्टर डुडेक. पावणेदोनला आलो. सगळं दोनदा वाचलं. गसने माझ्यासमोर सही केली.

ग्रेगने गुडघ्याचं मला गसच्या आधी सांगितलं होतं, नाताळातच. निवड होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं त्याला मीच बजावलं होतं. मग माझ्या कार्डावर मी ए लिहिला. त्या दिवशी बर्निसने गसचं कार्ड वाचलं आणि मला वाटलं, याला माझंही सगळं ठाऊक आहे. म्हणून मी त्याच्यासमोर आलो नाही. रागावलो नव्हतो. लोकांना तसं वाटलं, आणि मी वाटू दिलं.

हे मी ग्रेगच्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही. ग्रेग चार वाजता बस लावून घरी येतो. तोवर त्याच्या पायरीवर गस आणि मी बसून राहणार आहोत. आधी मी बोलणार आहे.

चेस्टर डुडेक