चौकातला कोहळा

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
तलवारीची पूजा झाली. पणजोबा कुठल्या लढाईत होते ते कुणालाच ठाऊक नाही, पण पूजा चुकत नाही. मुलाची नवी कार बंगळूरहून आली. चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळ्यात कुंकू भरून वर कापूर पेटवला, गाडीवरून तीनदा ओवाळला आणि चौकात मधोमध आपटला.
कमल म्हणाली, "अहो, कडेला फोडा की! लोक घसरतात." म्हटलं, कडेला फोडून दृष्ट जाते होय? बायकोची दरवर्षीची कटकट. जेवण झकास.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
फुलं आली नाहीत. फुलवाली गौरम्मा वीस वर्षांत एकदा चुकली नाही. सकाळी अकरा वाजता कळलं. पहाटे आपल्या चौकात घसरली, टोपलीसकट. कोहळ्यावरून. उजवा हात मोडला.
जाऊन बघितलं. कडेला पाच-सहा फुटलेले. मधोमध एकच.
कमल कालसारखं बोलली असती तर बरं वाटलं असतं.

४ ऑक्टो., शनि.
सगळेच फोडतात. रस्त्यावर दिवा नाही. झाडायला कुणी येत नाही... तीन दिवस हेच पाठ म्हणतोय. लाज वाटते.
दृष्ट उतरते हे खरं असेल, तर मुलाची पीडा मी त्या बाईवर टाकली. खोटं असेल, तर भर रस्त्यात निसरडा कचरा टाकला. कसंही धरा, मीच. चाळीस वर्षं फोडतोय, हे एकदा सुचलं नाही. मोठा शहाणा!

९ ऑक्टो., गुरु.
कमल गौरम्माला भेटून आली. लेक टोपली घेऊन फिरायला तयार आहे, हीच पाठवत नाही. म्हणे, "मी कोहळा ओलांडला. कुणाचा तरी दोष अंगावर आलाय. आमच्या घरची फुलं देवाला कशी चालतील?"
घर चालतं त्या टोपलीवर! डोकं फिरलंय माझं. कुणावर चिडू?

१२ ऑक्टो., रवि.
गेलो. सांगून टाकलं, कोहळा माझा. वाटलं, शिव्या घालेल. तर तिचा जीव भांड्यात पडला! "कुणाचा ते कळलं, बरं झालं सामी. आता अमावास्येला माझा दोष तुम्हीच उतरवा. त्याच चौकात."
म्हटलं, गौरम्मा, दोषबिष काही नसतं, सुम्ने, उगाच घाबरू नका.
"नसतं तर तुम्ही का फोडलात?"
हो म्हणून आलो.

२० ऑक्टो., सोम.
उद्या अमावास्या. कोहळा ओट्यावर आहे. संध्याकाळी परत जाऊन विनवलं, घमेल्यात फोडतो, निदान कडेला तरी. "कडेला फोडून जातो का सामी?" माझंच वाक्य! लगेच झाडून टाकायचं म्हटलं तर तेही नाही. कुणीतरी ओलांडेपर्यंत हात लावायचा नाही, मगच लेक टोपली उचलणार.
नाही फोडला तर ही बाई घरात कुजणार. फोडला तर पुढची गौरम्मा कोण?
कमल म्हणाली, "तुम्हीच ओलांडा."
इतका वेळ सुचलं नव्हतं. पण ज्यानं फोडला त्यानंच ओलांडलेलं गौरम्माला चालेल का? विचारायचं राहिलं. आणि खरं लिहायचं तर, मला भीती वाटते.