नानांच्या पेटीतल्या शाली

८ डिसेंबर
सकाळी पक्षी माहिती केंद्र उघडलं. तळ्यावर चक्रवाक बदकं आलीत, पलीकडच्या काठाला. एकटीच बघत बसले. पाहुणा एक नाही.

नाना सांगत आले, सरपंचांना ग्रा.पं.ची ही खोली खताच्या गोदामाला पाहिजे. "ते म्हणत्यात, तळं बघायला येतंय कोण, सूनबाई?" संक्रांतीनंतरच्या बैठकीत ठरणार. नाना आमच्या निसर्ग मंडळाचे अध्यक्ष आणि माझे चुलत सासरे. म्हणजे दोन्हीकडून मी गप्प बसायचं. पण बसत नाही. बी.एस्सी. होऊन इतकी वर्षं भाकऱ्याच थापल्या. या खोलीत लोक मला काहीतरी विचारतात. ही गेली तर... जाऊ दे.

११ डिसेंबर
बोरीच्या शाळेला फोन, नुसतंच बघू म्हणाले. गंगाखेडच्या महिला मंडळाला फोन. त्या रविवारी येतो म्हणाल्या! लय आनंद. पाखरांचे तक्ते पुसले, दुर्बीण पुसली.

नानांचं लगेच सुरू : मंडप, माईक, शाल-नारळ. म्हटलं, माईक नको. "पाहुणे आले अन् सत्कार न्हाई? गावाची काय इज्जत ऱ्हाईल?"

१५ डिसेंबर
डोकं फिरलंय. बाया आल्या, तशा खुर्च्यांत बसवल्या. त्यांचा सत्कार. मग त्यांनी आमचा. मग राहिलेल्यांचा. माईकवाल्याचं "हॅलो, हॅलो" सकाळपासून चालूच होतं. नानांचं भाषण तळ्याच्या इतिहासावर, आणि सगळ्यांची पाठ तळ्याकडं. काठावर पोचलो तेव्हा पाण्यावर पाखरू नाही. रिकाम्या पाण्याकडं बोट दाखवून मी माहिती सांगतेय. एक बाई जांभई देत म्हणाल्या, "चहा मात्र छान होता हं."

घरी येऊन रडले.

१६ डिसेंबर
नाना आमच्याकडं जेवायला आले होते, त्यांना तोंडावर बोलले. "तुमच्या माईकनं पाखरं उडाली, आता खोलीपण जाईल." सासूबाईंचा घास हातातच राहिला. नाना ताटावरून उठून गेले.

२४ डिसेंबर
नाना केंद्राकडं फिरकले नाहीत. पाथरीहून फोन : निवृत्त शिक्षकांचा गट, नव्या वर्षात येऊ का? या म्हटलं. एकटीनं कसं निभवायचं देव जाणे. नाना नसले की केंद्र ओकंबोकं वाटतं. हे त्यांना मुळीच सांगायचं नाही.

२९ डिसेंबर
शेवटी मीच नानांच्या घरी गेले. चहा झाला. म्हटलं, नाना, सत्कार करू. पण काठावर, दिवस उगवताना. माईक नाही, टाळ्या नाहीत. शाल घालायची आणि ती अंगावरच ठेवायची, थंडी मरणाची असते तिथं.

"अन् भाषण?"

"मनातल्या मनात."

हसले एकदाचे. आतून पत्र्याची पेटी ओढत आणली. जन्मभर मिळालेल्या सत्काराच्या शाली, घडीसुद्धा न मोडलेल्या. "कवा पांघरू मी येवढ्या?" भडक रंग बाजूला काढले, पाखरं बुजतात. मातकट, करड्या ठेवल्या.

पण प्रत्येक पाहुण्याला देत बसलो तर पेटी पुरायची नाही. परत घ्या म्हटलं, तर "सत्काराची शाल वापस मागू? तोंड कुटं दाखवू?" इथं घोडं अडलंय.

४ जानेवारी
शिक्षक मंडळी जीपनं अंधारातच निघून आली. तळ्यावर धुकं. नानांनी एकेकाच्या खांद्यावर शाल घातली, हात जोडले, सतरंजीवर बसवलं. सगळे गप्प. मीपण. कधी नव्हे ते तक्त्यातलं एक अक्षर बोलले नाही.

धुकं उठलं तशी चक्रवाकाची जोडी पोहत पोहत पार अलीकडं आली. उन्हात भगवी दिसत होती. एक बाई शाल तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या, "कुठून येतात हो हे?" मग सांगितलं. हिमालयापलीकडून, म्हटलं. कुणीतरी नुसतं "अगं बाई" केलं. विचारल्यावर सांगायची मजा वेगळीच आहे.

निघताना त्याच बाईंनी शाल नीट घडी करून नानांच्या हातात दिली. "पुढच्या पाहुण्यांना होईल." मग सगळ्यांनीच. नानांनी डोळे पुसले. म्हणे धूर गेला. चूल पेटलीच नव्हती.

१९ जानेवारी
बैठक झाली. सरपंच म्हणाले, "पाथरीचे मास्तर लोक लय तारीफ करायलेत म्हणे. पण चार पाखरांत बघण्यासारखं हाय काय?" नाना उठले. आता भाषण ठोकतात म्हणून मी कपाळाला हात लावला. तर एवढंच, "उद्या दिवस उगवायला काठावर या. गप बसा. मग गोदामाचं ठरवा."

सरपंच कबूल. खोलीचं काय ते उद्या.

सरपंच गप्प बसलेले गावात कुणी पाहिले नाहीत. नाना म्हणतात, "ती जिम्मेदारी माझी." पेटीतली सगळ्यात जाड शाल काढून ठेवलीय. मघाशी तळ्यावर जाऊन आले. जोडी पलीकडच्या काठालाच होती. उद्या अलीकडं या म्हणून त्यांना कोण सांगणार?