मामाच्या मानाचा पेला

अंबड,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सुग्रीव यास अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. छकुलीच्या साखरपुड्यात तू भर मंडळींत कोसळलास. व्याह्यांनी दिलेला एकच पेला घेतला म्हणतोस. पण हे म्हणतात, तो आधीच ढोसून आल्ता. लग्नात पोरीच्या पाठीशी मामा म्हणून चुलतभाऊ कल्याण उभा राहील, असं यांनी बजावलंय. अरे, पूर्वी प्यायलेल्या सगळ्यांना घरोघरी पोचवून शेवटी निघणारा तू! वजनाच्या ऑपरेशनने माणूस बारीक होतो, असा कच्चा कसा झालास? खरं काय ते मला सांग.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
वंदनाअक्का

जालना,
२० फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

खरंच एकच पेला होता. ऑपरेशननंतर पोट मुठीएवढं उरलंय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दारू आता थेट रक्तात जाईल, जल्दी चढेल आणि लवकर उतरणार नाही. मला वाटलं, उगाच घाबरवतात. शिवाय व्याह्यांनी मानाने दिलेला पेला परत केला असता तर पोरीचं वाईट दिसलं असतं.

आणखी एक, भाऊजींना सांगू नकोस. दोन घासांत पोट भरतं, म्हणून आता जेवायला कुणी बोलावत नाही. खोलीवर संध्याकाळ जाता जात नाही, मग घोटभर घेतो. घोटभरच पुरते, त्याचीच भीती वाटते. फार एकटं वाटतं गं. लग्नात पेल्याला शिवणार नाही, पण पोरीच्या पाठीशी मलाच उभं राहू दे.

मी बारीक झालो तरी तुझा लोभ होता तेवढाच ठेव.
सुग्रीव

पिंपळगाव रेणुकाई,
१० मे २०२५

ती. मामांस छकुलीचा नमस्कार.

तुम्ही नको म्हणालात तरी आईने तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन पुन्हा स्वतः वाचलं. मग म्हणाले, मामाच उभा राहील.

हळदीला सासऱ्यांनी पुन्हा पेला पुढे केला, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत हात जोडून म्हणालात, मला बिलकुल सोसत न्हाई. साखरपुड्यात मला तुमची लाज वाटली होती. हळदीला अभिमान वाटला. मंगलाष्टकांत माझ्या खांद्यांवरचे हात तुम्ही शेवटपर्यंत काढले नाहीत.

पंगतीत मात्र तुम्ही दिसला नाहीत. तुमचं वाढलेलं ताट तसंच राहिलं.

इथे सासरची माणसं चांगली आहेत. पण सगळ्यांचं झाल्यावर मी एकटीच जेवायला बसते आणि घास उतरत नाही. रविवारी संध्याकाळी या, मामा. हल्ली माझेही दोनच घास होतात.

तुमच्यासाठी ताट मांडून बसणारी,
छकुली